कडी: वाजवायची की मिरवायची?

मराठीत ‘कडी’ हा एकच शब्द दोन उलट्या कामांना पुरतो. ‘कडी लावली’ म्हटले की दार बंद झाले. ‘कडी वाजली’ म्हटले की दार उघडायची वेळ झाली. जुन्या घरांत ही दोन्ही कामे पुष्कळदा एकच वस्तू करी. कोयंड्यात अडकवायची लोखंडी कडी किंवा साखळी बाहेरचा माणूस फळीवर आपटे आणि आतल्यांना कोणी आल्याचे कळे. आज हार्डवेअरच्या दुकानात ‘डोअर नॉकर’ या नावाने जे मिळते ते यातले फक्त दुसरे काम करते. दार बंद करण्याशी त्याचा काही संबंध उरलेला नाही. पुढे ‘कडी’ म्हणजे ही वाजवायची कडी.

तिचे भाग तीन. दारावर पक्की बसणारी बैठक, मग ती सिंहाचे तोंड असो, कमळ असो की साधी चकती. बैठकीतल्या खिळीवर झुलणारे कडे किंवा दांडा. आणि हे कडे जिच्यावर आपटते ती खालची गोटी. बाजारातल्या पुष्कळ कड्यांना गोटीच नसते. मग कडे थेट लाकडावर बसते, वर्षभरात तिथले पॉलिश उडते आणि दाराला चंद्रकोरीसारखा खळगा पडतो.

वादाची सुरुवात या गोटीपासूनच होते. गोटी पाहणारे गिऱ्हाईक वेगळे आणि सिंहाच्या मिशा पाहणारे वेगळे. सोयीसाठी या दोन बाजू इथे दोन माणसांच्या तोंडी घातल्या आहेत. एक आहेत दारे-चौकटी करण्यात आयुष्य घालवलेले सुतारमिस्त्री, दुसरी नव्या घराची मालकीण. मिस्त्रींच्या लेखी कडी हे अवजार आहे. मालकिणीच्या लेखी दागिना.

“ताई, आधी एवढं सांगा, ही वाजवणार कोण? बेल तर हाताशीच आहे.”

“कुणी नाही वाजवली तरी चालेल, मिस्त्री. जिना चढून आलेल्या माणसाला दार बघूनच घर कळलं पाहिजे.”

“मग नुसतं चित्र चिकटवा की. वाजायचीच नसेल तर खिळी कशाला आणि कडं कशाला?”

मिस्त्रींचा प्रश्न खवचट वाटला तरी बिनबुडाचा नाही. विजेवर वाजणारी घंटा अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३१मध्ये करून दाखवली. पुढे घरोघरी वीज आली तसे कडीचे मूळ काम बटणाकडे गेले. तरी कडी पार निवृत्त झाली नाही. वीज गेली की बेल मुकी होते, आणि महाराष्ट्रात ज्यांनी भारनियमनाची वर्षे काढली आहेत त्यांना दार तळहाताने बडवणारे पाहुणे आठवत असतील. अशा वेळी कडी उपयोगाची, हे मालकिणीलाही मान्य होण्यासारखे आहे. पण मिस्त्रींच्या बाजूला खरा छेद देते ती शहरातल्या घरांची रचना. मुंबई-पुण्याच्या बहुतेक फ्लॅटना दोन दारे असतात: बाहेर जाळीचे सेफ्टी डोअर आणि आत लाकडी मुख्य दार. सुंदर कडी आतल्या दारावर बसते आणि बाहेरचे दार बंद असताना आलेल्या माणसाचा हात तिच्यापर्यंत पोचतच नाही. जाळीतून ती नुसती दिसते.

“म्हणजे माझंच खरं झालं की, मिस्त्री. दिसणं एवढंच तिचं काम.”

“तसं नाही ताई. सेफ्टी डोअरला मधोमध लाकडी फळी घेतली तर तिच्यावर बसवता येते. पण ते दार आधी हलकं. कडी आपटली की सगळी जाळी खुळखुळते.”

यातून निवडीचा पहिला निकष निघतो, आणि तो कडीविषयी नाही, दाराविषयी आहे. बाहेरच्या माणसाचा हात थेट लाकडी दाराला लागतो अशा घरांत, म्हणजे बंगला, रो-हाउस, गावाकडचे घर यांत, कडी वाजवायची म्हणूनच घ्यावी. जाळीमागच्या दारावर ती दागिना म्हणून घ्यायला हरकत नाही, मात्र मग वाजवण्याच्या सोयीसाठी जास्त पैसे मोजू नयेत. काही सोसायट्या दारांच्या बाहेरच्या बाजूला एकसारखेपणा मागतात. विकत घेण्यापूर्वी तेवढे विचारून घ्यावे.

दोन्ही बाजूंना इतिहासातून साक्षीदार मिळतात. मिस्त्रींच्या बाजूने सर्वांत बळकट साक्ष इराणची. यज्द आणि काशानच्या जुन्या वस्त्यांत दोन पल्ल्यांच्या दारावर दोन वेगळ्या कड्या दिसतात. एका पल्ल्यावर जाड, जड दांडा, दुसऱ्यावर बारीक गोल कडे. पुरुष पाहुण्याने दांडा वाजवायचा, बाईने कडे. जड आवाज आला की घरातला पुरुष दार उघडायला जाई, हलका आला की बाई. कोण आले आहे हे दार उघडण्याआधीच कळावे म्हणून केलेली ही व्यवस्था, आणि ती पूर्णपणे आवाजावर उभी आहे. दांड्यावरची नक्षी कितीही देखणी असली तरी दोन्ही कड्या सारख्याच वाजल्या असत्या तर तिचा उपयोग शून्य.

मालकिणीच्या बाजूने चीन उभा राहतो. तिथे जनावराच्या तोंडात कडे असलेल्या बैठका हान काळापासून दिसतात. मिंग राजवटीत (१३६८–१६४४) कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या दाराला कोणता रंग आणि कोणत्या धातूची कडी असावी याचे नियमच होते. वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला कथलाची कडी, खालच्याला लोखंडाची. दार वाजण्यापूर्वी, रस्त्यावरूनच, आतल्या माणसाची पायरी कळे. कोलंबियातल्या कार्ताहेना शहराच्या जुन्या भागात वाटाडे अशीच भाषा अजून सांगतात: सरडा राजघराण्याशी नाते सांगणाऱ्याचा, सिंह लष्करी माणसाचा, मासा किंवा जलपरी समुद्रावर व्यापार करणाऱ्याची. यातले किती काटेकोर पाळले जाई ते सोडून देऊ. पण ‘जसे घर तशी कडी’ या अर्थाची म्हण स्पॅनिशमध्ये आहेच.

“बघितलंत, मिस्त्री? बोलणारी कडी डोळ्यांशी बोलते.”

“राजेलोकांच्या दारात पहारेकरी असायचा ताई, त्यांना वाजवायची गरज काय? शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला टोकदार खिळे आहेत, हत्ती धडकू नये म्हणून. तिथं जाऊन कडी कोण वाजवणार? साधा माणूस दिंडी दरवाजातून आत जायचा, तेही पहाऱ्यानं सोडलं तर.”

मिस्त्री इथे नकळत नेमक्या मुद्द्यावर बोट ठेवतात. कडी ही मधल्या माणसाची वस्तू आहे. ज्याच्या दारात पहारा आहे त्याला ती लागत नाही आणि ज्याचे दार दिवसभर सताड उघडे असते त्यालाही नाही. ताटीच्या अभंगांमागची कथा पाहिली तरी मुक्ताबाई बंद ताटीबाहेरून ज्ञानेश्वरांना विनवते ती शब्दांनी. बांबूच्या ताटीवर वाजवायला काय असणार? दार लाकडी झाले, घरात खोल्या वाढल्या, माणसे दारापासून लांब बसू लागली, तेव्हा कडीला काम मिळाले.

दोन्ही बाजूंत न बसणाऱ्या काही कड्याही आहेत. इंग्लंडमधल्या डरहॅम कॅथेड्रलच्या दारावरची बाराव्या शतकातली कांस्याची कडी हा त्यांतला सर्वांत गंभीर नमुना. गुन्हा करून पळालेला माणूस या दाराशी पोचला की त्याला ३७ दिवस आसरा मिळे. तेवढ्यात त्याने राजाशी समेट करायचा किंवा देश सोडायचा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आसऱ्याचा हा हक्क कायद्याने संपला. मूळ कडी आता संग्रहालयात आहे, दारावर प्रतिकृती. ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजला तर नावच नाकाच्या आकाराच्या पितळी कडीवरून मिळाले. चौदाव्या शतकात ऑक्सफर्ड सोडून स्टॅमफर्डला गेलेल्या विद्यार्थ्यांनी ती बरोबर नेली असे मानले जाते. १८९०मध्ये ती परत मिळवण्यासाठी कॉलेजने स्टॅमफर्डमधले ते अख्खे घरच विकत घेतले.

“कडीसाठी घर घेतलं? आणि इथं लोक घरासाठी कडी घेताना घासाघीस करतात.” हे मिस्त्रींचे.

घासाघीस होते ती बहुधा आकृतीवरून. आपल्याकडच्या दुकानांत सिंह, हत्ती, मोर, घोडा, कमळ आणि गणपती एवढे प्रकार सहज मिळतात. पाश्चात्त्य देशांत सिंह सर्वांत पुढे. लंडनच्या १०, डाउनिंग स्ट्रीटच्या काळ्या दारावरही सिंहाचेच तोंड आहे. सिंहाची निवड आपल्याकडे उसनी वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातल्या जुन्या देवळांच्या उंबरठ्यावर दोन्ही बाजूंना वटारलेल्या डोळ्यांचे कीर्तिमुख असते. शिवाने निर्माण केलेल्या त्या भुकेल्या गणाला शेवटी स्वतःचेच शरीर खायला सांगितले गेले, फक्त तोंड उरले, आणि प्रसन्न झालेल्या शिवाने त्याला आपल्या दारावर जागा दिली, अशी पुराणातली कथा आहे. दारावर राहून आत येणाऱ्याकडे रोखून पाहणे हे त्याचे नेमून दिलेले काम. किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेले सिंहासारखे शरभही त्याच कुळातले. तोंडात कडे धरलेला सिंह या रांगेत सहज बसतो.

गणपतीचे तसे नाही, आणि या प्रश्नावर दोन्ही बाजू अनपेक्षितपणे जागा बदलतात.

“मला गणपतीचीच हवी. दारात गणपती असावा, त्यात काय चुकलं?”

“दारात असावाच, ताई. पण वर. चौकटीच्या गणेशपट्टीवर. रोज दहा माणसं त्याच्या सोंडेला धरून दार आपटणार, ते तुम्हाला बरं दिसेल?”

“तुम्हीच म्हणत होता ना, कडी म्हणजे अवजार? मग अवजारावर काय कोरलंय त्याचा इतका विचार कशाला?”

“अवजार आहे म्हणूनच. पूजेत ठेवलेल्या मूर्तीला कुणी आपटत नाही.”

शिल्पाच्या परंपरेकडे पाहिले तर कौल मिस्त्रींच्या बाजूने जातो. देवळाच्या दारावरच्या पट्टीचा मधला भाग म्हणजे ललाटबिंब. गणेशाची जागा तिथे आहे, डोक्याच्या वर, हात लागणार नाही अशी. वाड्यांच्या आणि साध्या घरांच्या चौकटीवरही तीच जागा चालत आली. कडी मात्र छातीच्या उंचीवर बसते, तिला हात लागतो, घाम लागतो, पावसात भिजलेली मूठ लागते. देवाची आकृती हवीच असेल तर बैठक आणि झुलता भाग वेगळे असलेला नमुना घ्यावा. त्यात मूर्ती स्थिर राहते आणि हात लागतो तो तिच्याखालच्या साध्या कड्याला. सोंडच कडे म्हणून हलते असे नमुने टाळलेले बरे. त्यापेक्षा हत्ती घ्यावा. त्याच्या सोंडेला धरण्यात कुणाला गैर वाटत नाही आणि सोंडेचा बाक मुठीत छान बसतो.

माणसाच्या चेहऱ्याबद्दल मात्र दोघांचे एकमत होते: नको. चार्ल्स डिकन्स यांच्या १८४३च्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’मध्ये कंजूष स्क्रूजला घराच्या कडीत मेलेल्या भागीदाराचा चेहरा दिसतो. ते न वाचलेल्यांनाही रात्री दिव्याच्या अर्धवट उजेडात दारावरून पाहणारा चेहरा फारसा आवडत नाही. मोरोक्को, ट्युनिशियापासून स्पेन, पोर्तुगालपर्यंत दिसणारा पालथा पंजा, म्हणजे फळ किंवा गोळा धरलेला हात, आता आपल्याकडेही मिळतो. वाजवायला तो उत्तम असतो, कारण गोळ्याचे वजन नेमके टोकाला असते.

वजनाच्या गोष्टीने चर्चा धातूकडे वळते, आणि फसवणूक होते ती इथेच. दुकानात ‘पितळी’ म्हणून दाखवलेली प्रत्येक पिवळी कडी पितळेची नसते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण, साधारण साठ ते सत्तर टक्के तांबे. कांस्यात तांब्याबरोबर मुख्यतः कथील असते. स्वस्त कड्या लोखंडी पत्र्याच्या असतात किंवा जस्ताच्या मिश्रधातूत दाबाने ओतलेल्या, वर पितळी किंवा ‘अँटिक’ मुलामा दिलेल्या. मिस्त्री खिशातून चुंबक काढतात. चिकटले तर आत लोखंड, विषय संपला. पण चुंबक चिकटले नाही म्हणजे पितळ, हा समज चुकीचा. जस्तालाही चुंबक चिकटत नाही. बैठकीच्या मागच्या बाजूला, जी लाकडाला टेकून झाकली जाणार आहे तिथे, कानशीने एक ओरखडा काढावा. आत पिवळेच निघाले तर पितळ. पांढुरके-करडे निघाले तर जस्त.

“दुकानदार ओरखडा काढू देईल का?”

“पितळ असेल तर देतो. नसेल तर लगेच चहा मागवतो.”

ओरखड्याशिवायही परीक्षा होते, आणि ती स्वयंपाकघरातल्या सामानात बसते. कडीचे वजन करावे. मग काठोकाठ भरलेल्या पातेल्यात ती हळूच सोडून सांडलेले पाणी मोजावे. वजनाच्या ग्रॅमांना पाण्याच्या मिलिलिटरांनी भागले की घनता मिळते. पितळेची सुमारे साडेआठ, बिडाची सव्वासातच्या आसपास, जस्ताच्या मिश्रधातूची साडेसहा-पावणेसात, ॲल्युमिनियमची २.७. म्हणजे ८५० ग्रॅमच्या खऱ्या पितळी कडीने साधारण १०० मिलि पाणी सांडायला हवे. तेवढ्याच वजनाच्या जस्ताच्या कडीने १२५च्या वर सांडते. मागच्या पोकळीत हवा अडकू नये म्हणून कडी पाण्यात तिरकी सोडावी.

जस्ताची कडी वाईटच असे नाही. जाळीमागच्या दारावर, कोणी न वाजवणारी, ती वर्षानुवर्षे नवी दिसते. हात लागणाऱ्या जागी मात्र मुलामा झिजतो आणि सिंहाचे नाक आधी पांढरे पडते. पितळ झिजते तेव्हा आतूनही पितळच निघते. मालकिणीला हे पटते, कारण इथे टिकाऊपणा आणि देखणेपणा एकाच बाजूला येतात.

भरीव पितळी कडी ओतून होते. वाळूच्या किंवा मेण वितळवून पोकळ केलेल्या मातीच्या साच्यात रस ओतायचा, थंड झाल्यावर कडा-कोपरे कानशीने मारायचे, मग घासून चकाकी आणायची. महाराष्ट्रात हे काम परंपरेने ओतारी समाजाचे. पुण्याच्या तांबट आळीचे नाव यात नेहमी घेतले जाते, पण तिथली ख्याती ठोकून केलेल्या भांड्यांची, मठारकामाची आहे. बंब-घंगाळे आणि सिंहाचे तोंड ही दोन वेगळ्या हातांची कामे. दुकानांत येणाऱ्या बऱ्याच कड्या उत्तर प्रदेशातल्या मुरादाबाद आणि अलीगढच्या कारखान्यांतून येतात. पहिले शहर पितळेसाठी प्रसिद्ध, दुसरे कुलपांसाठी. चांगल्या ओतकामाची खूण समोरून दिसत नाही, कडी उलटी करून पाहावी लागते. मागची बाजू एकसारख्या जाडीची, टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे नसलेली हवी. खिळीची भोके गोल आणि गुळगुळीत हवीत. भोक वाकडे असले की कडे वर्षभरात एका बाजूला लोंबते.

कोकणात आणि गोव्यात हवेतला खार हा तिसरा पक्ष म्हणून चर्चेत बसतो. लोखंड आणि बीड तिथे लवकर गंजते. जास्त जस्त असलेल्या पितळेतूनही खाऱ्या ओलाव्यात वर्षानुवर्षे जस्त निघून जाऊ शकते. मग गुलाबीसर, ठिसूळ डाग उरतात. अशा घरांना कांस्य चांगले. किमतीमुळे ते जमत नसेल तर ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील. त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते खाऱ्या हवेत नेहमीच्या ३०४ पेक्षा जास्त टिकते. त्यात नक्षी फारशी मिळत नाही, हे मालकिणीचे दुःख खरे आहे.

आवाजाकडे बहुतेक लोक लक्षच देत नाहीत. घरी आणून, बसवून झाल्यावर तो पहिल्यांदा ऐकला जातो. कडी एकटी वाजत नाही. ती दाराला धक्का देते आणि वाजते ते दार. सागवानाच्या भरीव दारावर जड कडीचा ठोका खोल, आखूड येतो: ठक. आतून पोकळ असलेल्या दारावर तीच कडी ढोलासारखी घुमते. गोटी धातूची असेल तर त्यावर ‘टण्’ असा तीक्ष्ण सूर चढतो. तीक्ष्ण सूर दाराजवळ मोठा वाटतो पण भिंती, पडदे, गाद्या त्याला लवकर गिळतात. खोल ठोका मागच्या खोलीपर्यंत जातो. मिस्त्रींचा उपाय साधा आहे. दुकानात कडी हातात लोंबती धरून वाजवू नये, काउंटरच्या जाड फळीवर दाबून धरावी आणि कडे दोन इंचांवरून नुसते सोडावे. जोर न लावता आवाज आला तर वजन पुरेसे आहे. जोर लावावा लागला तर लहान मुले आणि म्हाताऱ्या माणसांच्या हातून ती कधीच नीट वाजणार नाही.

“आणि शेजारी?”

“शेजाऱ्यांना जड कडीचा त्रास कमी होतो, ताई. हलकी कडी लोक पाच-पाच वेळा वाजवतात.”

आकाराच्या बाबतीत मालकिणीची नजर जास्त भरवशाची निघते. सात फूट उंच आणि तीन-साडेतीन फूट रुंद दारावर सहा ते नऊ इंच लांबीची कडी शोभते. त्याहून लहान असली तर ती जिन्यातून बटणाएवढी दिसते. दोन पल्ल्यांच्या दारावर कड्यांची जोडी लावण्याची पद्धत आहे. नेहमी उघडणारा पल्ला एकच असेल तरी जोडी बरी दिसते, मात्र मग न उघडणाऱ्या पल्ल्यावरची कडी आतून बोल्टने आवळून मुकी करावी लागते, नाहीतर पाहुणा नेमकी तीच वाजवतो. दारावर आधीच तोरण, नावाची पाटी, शुभ-लाभ, गणपतीचे चित्र आणि मॅजिक आय असेल तर कडीसाठी त्यांतले एक तरी काढावे. इतक्या गर्दीत सिंहही दिसत नाही.

उंची ठरवताना मॅजिक आय आधी. तो साधारण पाच फुटांवर असतो. कडी त्याच्याखाली, कडे जिथे हातात येते ती जागा जमिनीपासून चार ते साडेचार फुटांवर असावी. वर लावलेली कडी वाजवायला हात उंच करावा लागतो आणि तोच हात भिंगासमोर येऊन चेहरा झाकतो. नक्षीच्या पॅनलचे दार असेल तर कडी मधल्या उभ्या किंवा आडव्या जाड पट्टीवर बसवावी, पातळ पॅनलवर कधीही नाही. पॅनल खाचेत सैल बसवलेले असते, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यावर रोज ठोके बसले तर ते तडकते किंवा आयुष्यभर खडखडत राहते. मालकिणीला पॅनलच्या मधोमध, नक्षीच्या कमळात कडी हवी असते. हा हट्ट तिने सोडावा.

बसवण्याचे दोन प्रकार: समोरून स्क्रू किंवा मागून आरपार बोल्ट. समोरचे स्क्रू सोपे, पण स्क्रूड्रायव्हर असलेला कोणीही ते काढू शकतो. जुन्या कड्यांना चोरांची नजर लागते, हे जगभरचे आहे. तुर्कस्तानातल्या जिझरे इथल्या मोठ्या मशिदीच्या दारावर तेराव्या शतकातल्या, सर्पाकृती व्यालांच्या दोन कांस्य कड्या होत्या. त्यांतली एक १९६९मध्ये चोरीला गेली आणि आज कोपनहेगनच्या डेव्हिड कलेक्शनमध्ये आहे. दुसरी इस्तंबूलच्या संग्रहालयात. भारी कडीला बोल्टच हवा, आतल्या बाजूला वायसर आणि टोपीचा नट. मुख्य दाराची जाडी ३५ ते ४० मिलिमीटर असते, त्याहून दहा-पंधरा मिलिमीटर लांब बोल्ट पुरतो. कडीबरोबर डब्यात येणारे बोल्ट आखूड निघाले तर नवे घ्यावेत, लाकूड आतून कोरून बसवू नयेत.

पितळी कडीला लोखंडी स्क्रू लावू नये. ओलाव्यात तो गंजतो आणि सागवानावर तपकिरी ओघळ येतात, ते निघत नाहीत. पितळी स्क्रू मऊ असतो, सागवानात पिळताना त्याचे डोके उडते. म्हणून मिस्त्री आधी बारीक भोक पाडतात, त्यात त्याच मापाचा पोलादी स्क्रू एकदा पूर्ण पिळून काढून घेतात, आणि मग त्या तयार आट्यांत मेण लावलेला पितळी स्क्रू हलक्या हाताने बसवतात. भोके पाडण्याआधी कागदाचा छाप करून तो दारावर दिवसभर चिकटवून ठेवावा, अशी सूचना मालकिणीची. मिस्त्रींना ती वेळकाढू वाटते, पण दारात पाडलेले भोक बुजत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नाही.

शेवटचा वाद चकाकीचा. मालकिणीला कडी दिवाळीसारखी रोज झळकती हवी. मिस्त्री म्हणतात, पितळ काळवंडू द्यावे, जिथे हात लागतो तिथे ते आपोआप उजळ राहते आणि बाकीची नक्षी काळी पडून अधिक उठून दिसते. दोन्ही मार्ग ठीक आहेत, पण मिसळू नयेत. नव्या कडीवर बहुधा पारदर्शक लॅकरचा थर असतो. चिंच, लिंबू किंवा पितांबरीने घासले की तो ठिकठिकाणी निघतो आणि पितळ ठिपक्याठिपक्यांनी काळे होते. घासायचेच असेल तर आधी थर पूर्ण उतरवावा. नंतर चिंचेतले आम्ल काळा थर विरघळवते, पण ते नक्षीच्या खाचांत राहिले तर तिथे हिरवा कळंक धरतो, म्हणून पाण्याने पुसून लगेच कोरडे करावे. हे काम कडी दारावरच ठेवून करताना भोवतीच्या पॉलिशवर चिंचेचे डाग पडतात. कागदात कडीच्या आकाराचे भोक कापून तो दारावर लावला की लाकूड वाचते. लॅकर राखायचा असेल तर ओले फडके पुरे.

आणि पहिला पावसाळा सरल्यावर, लाकूड फुगून पुन्हा आकसले की, आतल्या बाजूचे नट एकदा आवळून घ्यावे लागतात. बैठक सैल पडलेली कानाला आधी कळते: ठोक्यामागून बारीक किणकिण येऊ लागते.